वाकड्या हाडांची शाळा

औरंगाबादला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. तिथल्या क्रांती चौकाचे नामांतर मात्र त्याच्या फार आधीचे. जुन्या माणसांच्या तोंडी ती जागा म्हणजे काळा चबुतरा. १८५७ च्या जून महिन्यात इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ बिघडले. आपल्याला दख्खनबाहेर काढून दिल्लीच्या बादशहावर चालून जायला लावणार, अशी कुणकुण स्वारांना लागली होती. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला, बंड मोडले, चौकशा झाल्या, शिक्षा सुनावल्या गेल्या. कोणी फासावर गेले, कोणी तोफेच्या तोंडी. त्या शिक्षांची जागा म्हणून शहराने काळा चबुतरा लक्षात ठेवला, आणि पुढे त्याच आठवणीने त्याला क्रांती चौक हे नाव दिले. २०२२ साली तिथे शिवछत्रपतींचा नवा, पहिल्याहून उंच असा अश्वारूढ पुतळा उभा राहिला.

माणसाचे शरीर मोडायला किती थोडा वेळ लागतो, याची साक्ष देणारी ही जागा. तिच्याच आसपासच्या रस्त्यांवर आज दवाखान्यांच्या पाट्या दाटीने लागलेल्या दिसतात आणि त्यांत हाडांच्या डॉक्टरांच्या पाट्या पुष्कळ. नावापुढे पदव्यांची माळ असते. हाडांच्या डॉक्टरांच्या त्या माळेत गेल्या काही वर्षांत 'इलिझारोव्ह', 'लिंब लेंग्थनिंग', 'डिफॉर्मिटी करेक्शन' असे मणी ओवले जाऊ लागले आहेत. अर्थ साधा आहे : वाकडे हाड सरळ करणे आणि आखूड राहिलेला हात किंवा पाय लांबवणे. जाणारा-येणारा ते वाचतो आणि पुढे जातो. मी वैद्यकातला माणूस नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला कोणतीही विद्या दिसली की ती कोणी कोणाला शिकवली, हे विचारण्याची खोड असते. त्या खोडीपायी या पाट्यांमागचा माग काढू लागलो, आणि तो माग सैबेरियातल्या एका आडगावापर्यंत गेला. परत येताना तो इटलीतल्या एका तळ्याकाठच्या गावावरून आणि आपल्या अकोल्यावरून आला. ती हकीकत घरातल्या सर्वांनी वाचावी अशी आहे, कारण तिच्या शेवटी घरातलीच माणसे येतात.

वाकडे शरीर सरळ होण्याच्या गोष्टी आपल्याला नवीन नाहीत. मथुरेच्या रस्त्यावर कुब्जा भेटते. कृष्ण तिच्या पावलांवर आपले पाऊल ठेवतो, दोन बोटांनी तिची हनुवटी वर उचलतो आणि ती तिथल्या तिथे सरळ होते. पित्याच्या शापाने आठ ठिकाणी वाकडा जन्मलेला अष्टावक्र समंगा नदीत बुडी मारतो आणि सरळ अंगाने काठावर येतो. या कथांत एक गोष्ट समान आहे : सारे एका क्षणात घडते. देवाला ते साधले म्हणून देवाचे कौतुक. माणसाने त्याचे अनुकरण करू पाहिले तेव्हा काय झाले ते पुढे येईलच.

आपल्याकडचे शास्त्र मात्र पुराणापेक्षा सबुरीचे होते. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांचा स्वतंत्र विचार आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली आणि बांबूच्या कामट्या यांनी अवयव बांधावा. मांडी वा नडगी मोडली असेल तर रोग्याला फळीवर निजवून खुंट्यांनी पाय जागच्या जागी धरून ठेवावा, असे तपशील त्यात येतात. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की वाकडे जुळून आलेले लांब हाड पुन्हा मोडावे, नीट बसवावे आणि मग ताज्या मोडीप्रमाणे उपचार करावेत, असेही सुश्रुत सांगतो. आज ज्याला डिफॉर्मिटी करेक्शन म्हणतात त्याचे बीज याच वाक्यात आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु भूल नव्हती, क्ष-किरण नव्हते, निर्जंतुक हत्यारे नव्हती, हे विसरून चालणार नाही.

मला स्वतःला सुश्रुताचा दुसरा एक अध्याय अधिक मोलाचा वाटतो. तो शिक्षणाविषयी आहे. शिष्याने सारे शास्त्र पाठ केले तरी हाताला सवय नसेल तर तो कामाला अयोग्य, असे सांगून सुश्रुत त्या सवयीची साधने देतो. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा. शिरा टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. शिवण्याचा जाड कापडाच्या कडांवर. पट्ट्या बांधण्याचा बाहुल्याच्या अंगोपांगांवर. आधी बाहुला, मग माणूस, हा क्रम आहे. पुढे आपल्याकडे शास्त्र ग्रंथांत राहिले आणि हात खेडोपाडीच्या हाडवैद्याकडे गेले. बापाकडून मुलाकडे आलेली त्याची विद्या निखळलेला खांदा बसवी, साधी मोड बांधी. परंतु हाड वाकडे जुळले तर त्याच्याकडे उपाय नसे, आणि तो माणूस जन्मभर 'लंगडा' हे नाव घेऊन वावरे.

युरोपात या शाखेचे बारसे १७४१ साली झाले. निकोला आंद्री या पॅरिसच्या वृद्ध वैद्याने मुलांच्या शरीरातली व्यंगे कशी टाळावीत व सुधारावीत यावर आईबापांसाठी पुस्तक लिहिले आणि 'सरळ' व 'मूल' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'ऑर्थोपेडी' हा शब्द बनवला. त्या पुस्तकात एक चित्र आहे : वाकड्या वाढलेल्या रोपट्याचे खोड शेजारी रोवलेल्या सरळ खांबाला दोरीने आवळून बांधले आहे. हाडांच्या डॉक्टरांच्या कितीतरी संस्थांनी हे झाड आपले बोधचिन्ह म्हणून घेतले आहे. या चित्रात बळ दिसते ते दोरीचे. खरे काम करतात ते ऋतू. माळ्याने दोरी एका दिवसात आवळून खोड सरळ करायचे म्हटले तर ते मोडेल. हे चित्रात स्पष्ट असूनही शस्त्रवैद्यांना उमगायला आणखी दोन शतके लागली.

१९०५ साली इटलीतल्या बोलोन्या शहराच्या आलेस्सांद्रो कोदिव्हिल्लाने आखूड पाय लांबवण्याचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. हाड कापायचे, टाचेत खिळा घालायचा आणि जबर ओढ देऊन पाय प्लास्टरमध्ये पक्का करायचा, अशी ती रीत. हाड लांबले, परंतु हाडाभोवती मांस आहे, शिरा आहेत, मज्जातंतू आहेत, कातडी आहे. त्यांना ती ओढ सोसली नाही. काही रोग्यांना झटके आले. पुढच्या चाळीसएक वर्षांत इतरांनी नाना युक्त्या केल्या, परंतु पाय लांबवणे हा हाडांच्या डॉक्टरांचा धोक्याचा खेळच राहिला. 'पी हळद नि हो गोरी' ही आपली म्हण शरीर मानत नाही.

हे गणित सुटले ते पॅरिस, लंडन वा बोलोन्यात नव्हे. गाव्रील इलिझारोव्ह हा १९२१ साली जन्मलेला तरुण. लहानपण कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात गरिबीत गेलेले. महायुद्धाच्या धामधुमीत त्याने वैद्यकीचे शिक्षण संपवले आणि १९४४ साली सरकारने त्याला उरल पर्वतापलीकडच्या कुर्गान प्रांतात, दोल्गोव्हका नावाच्या खेड्यात डॉक्टर म्हणून पाठवले. तो ना हाडांचा तज्ज्ञ होता, ना कोणा नामवंत गुरूचा शिष्य. परंतु युद्ध संपत आले होते आणि मोडक्या हातापायांचे सैनिक गावोगाव परतत होते. कोणाचे हाड वर्षानुवर्षे जुळत नव्हते, कोणाच्या जखमेतून पू वाहत होता. त्यांच्यासाठी खटपट करता करता १९५१ च्या सुमारास त्याने एक यंत्र तयार केले.

यंत्र दिसायला साधे होते. अवयवाभोवती धातूची कडी. कड्यांतून हाडाच्या आरपार जाणाऱ्या बारीक तारा, सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणून बसवलेल्या. आणि एका कड्याला दुसऱ्याशी जोडणाऱ्या मळसूत्री सळ्या. सळीवरचा नट एका बाजूला फिरवला की कडी जवळ येतात, दुसऱ्या बाजूला फिरवला की लांब जातात. प्रथम उद्देश एवढाच होता की मोडलेली टोके एकमेकांवर दाबून धरावीत. असे सांगतात की एका रोग्याच्या यंत्राचे नट उलटे फिरवले गेले आणि टोकांमध्ये फट पडली. इलिझारोव्हने चित्र काढून पाहिले तर त्या फटीत नवे हाड धरू लागले होते. ही गोष्ट खरी की शिष्यांनी रंगवलेली, हे ठरवण्याची गरज नाही. मोलाचे आहे ते त्याने त्यानंतर केलेले काम.

त्याने वर्षानुवर्षे कुत्र्यांवर प्रयोग करून ओढीचा वेग मोजला. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढले तर हाड फार लवकर जुळून जाते आणि पुढची वाढ खुंटते. दोन मिलिमीटर ओढले तर मांस आणि नसा दुखावतात, नवे हाड धरत नाही. मधला एक मिलिमीटर मानवतो. तोही एकदम नव्हे, दिवसातून चार वेळा, पाव-पाव मिलिमीटर. इतक्या मंद ओढीखाली हाड तर वाढतेच, शिवाय स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि कातडी हीदेखील नव्याने वाढतात. हाड कापतानाही त्याचे वरचे कवच जपून कापायचे, आतल्या व बाहेरच्या रक्तपुरवठ्याला धक्का लावायचा नाही, आणि मग पाच-सात दिवस काहीच करायचे नाही. त्या फटीत निसर्गाने काम सुरू केले की मग ओढ. थेंबे थेंबे तळे साचे, हे तत्त्व शरीराच्या आत इतक्या काटेकोरपणे मोजलेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

१९५१ हे साल आपल्या बाजूने पाहिले म्हणजे त्याचा अर्थ अधिक कळतो. हैदराबादच्या पोलीस कारवाईला तीन वर्षे झाली होती. मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. अख्ख्या मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. मोठा इलाज हवा तर मनमाडला जाऊन मुंबईची गाडी धरायची, नाहीतर मीटर गेजच्या गाडीने हैदराबाद गाठायचे. औरंगाबादचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ साली. त्याचे रुग्णालय सर्वांच्या तोंडी 'घाटी'; जालना, बीड, परभणीचा गरीब माणूस आजही 'घाटीत नेले' असेच म्हणतो. कुर्गान मॉस्कोपासून जितके दूर, तितकेच आपला मराठवाडा मुंबईपासून दूर होता. मैलांनी कमी असेल, मनाने नव्हे.

मॉस्कोतल्या प्राध्यापकांनी या आडगावच्या डॉक्टरला बरीच वर्षे उभे केले नाही. कुलपे-किल्ल्या करणारा कारागीर, अशी त्याची थट्टा होई. चित्र पालटले ते एका खेळाडूमुळे. व्हालेरी ब्रुमेल हा उंच उडीतला जगज्जेता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले आणि पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. पुष्कळ शस्त्रक्रिया फसल्या. १९६८ साली तो कुर्गानला गेला, पाय जुळला आणि तो पुन्हा उड्या मारू लागला. आता कुर्गानचे नाव सोव्हिएत देशभर झाले. १९७१ साली तिथे या कामाची स्वतंत्र संस्थाच उभी राहिली. तरी पश्चिमेला त्याचा पत्ता नव्हता, कारण परक्या माणसाला त्या शहरात सहजी प्रवेश नसे.

तो प्रवेश एका इटालियन गिर्यारोहकाला मिळाला. कार्लो माऊरी हा लेक्को गावचा. थोर हेयेरदालबरोबर पपायरसच्या नावेतून अटलांटिक ओलांडणारा साहसी माणूस. जुन्या मोडीमुळे त्याचा एक पाय आखूड आणि वाकडा होऊन बसला होता. त्या नावेवर त्याच्याबरोबर युरी सेन्केविच नावाचा रशियन डॉक्टर होता. त्याच्या शब्दावरून माऊरी १९८० साली कुर्गानला गेला आणि नीट चालत घरी परतला. लेक्कोच्या डॉक्टरांनी त्याचा पाय पाहिला आणि थक्क झाले. १९८१ साली जवळच्याच बेल्लाजिओ येथे भरलेल्या परिषदेत इलिझारोव्हला बोलावण्यात आले. सोव्हिएत देशाबाहेर त्याचे हे पहिले मोठे व्याख्यान. सैबेरियातल्या कारागिराने आपली चित्रे दाखवली आणि युरोपातले नामांकित शस्त्रवैद्य उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

पुढे जे झाले ते माझ्या मते टाळ्यांहून मोठे. १९८२ साली लेक्कोच्या डॉक्टरांनी या पद्धतीच्या अभ्यासासाठी मंडळ काढले. त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला 'असामी' म्हणतात. पन्नाशीतले प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी झाले. कुर्गानला जाऊन इलिझारोव्हच्या शेजारी उभे राहायचे, कडे कसे बसवतो, तार कोणत्या कोनातून घालतो, रोजची फेरी कशी करतो ते पाहायचे, असा तो अभ्यास. नंतर जगभरचे डॉक्टर लेक्कोला येऊ लागले. त्यांतला कॅनडाचा तरुण डॉक्टर ड्रोर पेली याने कुर्गानच्या हातातली विद्या भूमितीत आणली. हाड कोठे वाकले आहे, किती अंशांनी, कोणत्या बिंदूभोवती फिरवले म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंतची भाररेषा गुडघ्याच्या मधून जाईल, हे क्ष-किरण चित्रावर पेन्सिल आणि कोनमापक घेऊन काढता येते. २००२ साली निघालेला त्याचा जाडजूड ग्रंथ ही या शाखेची बाराखडी मानतात. इलिझारोव्ह १९९२ साली वारला, परंतु तोवर त्याचे शिष्य जगभर पसरले होते.

आपल्या महाराष्ट्रात या विद्येला जमीन तयार होती, ती पोलिओने केली. पोलिओची साथ येऊन गेली की मागे लुळे, वाकडे, आखूड पाय राहत. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या मुलीला हा रोग झाला तेव्हा तिच्यासाठी उपचार शोधता शोधता त्यांनी इतरांच्या मुलांचाही प्रश्न हाती घेतला. १९४७ साली त्यांनी मुंबईत पांगळ्या मुलांसाठी दवाखाना आणि संस्था सुरू केली. पुढे हाजी अलीजवळ तिचे रुग्णालय झाले. १९५५ साली मुंबईतच शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली आणि त्याच साली भारतातल्या हाडांच्या डॉक्टरांनी आपली संघटना स्थापली. या पिढीने पट्टे, बूट, कुबड्या, स्नायूंच्या शस्त्रक्रिया यांनी हजारो मुलांना उभे केले. पाय लांबवण्याचा खात्रीचा मार्ग मात्र त्यांच्या हाती नव्हता.

१९८० नंतरच्या दशकात भारतीय शस्त्रवैद्य कुर्गान आणि लेक्कोच्या वाटेला लागले. परत येऊन त्यांनी कडी आणि तारा इथल्याच कारखान्यांतून करवून घेतल्या, त्यामुळे खर्च आवाक्यात आला. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी तर याच तत्त्वावर आपली वेगळी, हलकी आणि स्वस्त रचना तयार केली. जन्मतः आत वळलेले मुलाचे पाऊल बारीक तारा आणि छोट्या सळ्या यांनी थोडे थोडे उलगडायचे. आतली बाजू जितक्या वेगाने ओढायची त्याच्या निम्म्या वेगाने बाहेरची, म्हणजे पाऊल दाबले न जाता फिरत फिरत सरळ होते. 'जेस' या नावाने ती रीत देशभर गेली. अकोल्याच्या डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव्ह पद्धतीचे केंद्र मुंबई-पुण्यात न काढता अकोल्यातच काढले. तिथे तरुण डॉक्टर येऊन राहतात आणि शिकतात. २०१४ साली या शाखेच्या शस्त्रवैद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यात भरली. कुर्गान, लेक्को, अकोला ही नावे ओळीने उच्चारली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते की ही विद्या राजधान्यांत वाढली नाही. ती वाढायला रोग्याशेजारी महिनोन्‌महिने राहणारा डॉक्टर लागतो, आणि असा डॉक्टर लहान गावात अधिक सहज सापडतो.

या शाळेत शिकवतात तरी काय? साडेपाच वर्षांचे वैद्यकीय शिक्षण, त्यापुढे तीन वर्षांचे हाडांचे, आणि इतके झाल्यावरही डॉक्टर पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसतो. दोन-तीन दिवसांच्या शिबिरात प्लास्टिकची हाडे टेबलावर मांडलेली असतात. विद्यार्थी प्रथम चित्रावर रेषा ओढतो, कोन मोजतो. मग प्लास्टिकच्या नडगीभोवती कडी बसवतो, तारा घालतो, ताणतो, हाड कापतो आणि नट फिरवून आपले गणित बरोबर आले का ते पाहतो. सुश्रुताचा कोहळा आणि बाहुला नव्या रूपात इथे हजर आहेत. परंतु कडे बसवता आले म्हणजे विद्या आली नाही. तारेच्या भोकाशी पू धरू लागला तर काय करायचे, गुडघा आखडू लागला तर ओढ थांबवायची की नाही, पायाच्या बोटांना मुंग्या आल्या तर वेग किती कमी करायचा, नवे हाड चित्रात पुरेसे दाट दिसते की नाही, हे शिबिरात कळत नाही. त्यासाठी गुरूच्या दवाखान्यात सहा महिने, वर्ष राहावे लागते. एकाच रोग्याचा पाय पहिल्या दिवसापासून यंत्र उतरेपर्यंत पाहिलेला डॉक्टर आणि नुसती शस्त्रक्रिया पाहिलेला डॉक्टर यांच्यात वैदिक आणि भटजीची पोथी वाचणारा यांच्याइतके अंतर असते. पाटीवरचा मणी दोघांचाही सारखाच दिसतो. म्हणून रोग्याने विचारायचा प्रश्न असा की, 'शस्त्रक्रियेनंतरचे सहा महिने मला कोण पाहणार?' अलीकडे संगणकावर हिशेब करून देणाऱ्या सहा सळ्यांच्या चौकटी आल्या आहेत, हाडाच्या आत राहून चुंबकाने लांबणाऱ्या सळ्याही आल्या आहेत. त्या महाग आहेत, आणि हा प्रश्न त्यांनीही सुटत नाही. नुसती उंची वाढवण्याच्या हौसेने चांगले पाय कापून घेणाऱ्यांनी तर तो दहादा विचारावा.

आता हिशेब मांडू. पाय पाच सेंटिमीटर आखूड आहे. रोज एक मिलिमीटर म्हणजे पन्नास दिवस ओढ. त्यानंतर नवे हाड टणक होण्यासाठी त्याच्या दुप्पट वा अधिक काळ यंत्र तसेच ठेवायचे. एकूण पाच-सहा महिने. कुर्गानला हा काळ रोगी रुग्णालयातच काढी. सरकारी खाट होती, शाळकरी मुलांना तिथेच शिकवीत. आपल्याकडे हे शक्य नाही. यंत्र बसवून काही दिवसांत रोगी घरी जातो, आणि नट फिरवण्याचे काम घरावर येते. दिवसातून चार वेळा, दहा नंबरच्या पान्याने, पाव फेरा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. कॅलेंडरवर खूण करायची. तारांची भोके स्वच्छ ठेवायची. रोगी दुखते म्हणून रडला तरी गुडघा वाकवून घ्यायचा. हे काम आई करते, बायको करते, शाळेतला भाऊ करतो. कुर्गानहून निघालेली विद्या या घरात येऊन पोचते तेव्हा तिचा शेवटचा विद्यार्थी लिहिता-वाचता असेलच असे नाही. पण नट कोणत्या बाजूला फिरवायचा हे त्याला प्राध्यापकाइतकेच अचूक ठाऊक असावे लागते. म्हणून मला वाटते, या शाखेत डॉक्टरने शिकण्याइतकेच त्याने शिकवण्यालाही महत्त्व आहे. ज्याला रोग्याच्या आईला तिच्या भाषेत समजावून सांगता येत नाही, त्याची शस्त्रक्रिया कितीही सुबक असो, अर्धीच झालेली असते.

समजा, गेवराईकडचे एक ऊसतोड कुटुंब आहे. नवरा-बायकोचा एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवाळी झाली की गाडीत बसून कारखान्याच्या फडावर जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाची नडगी मोडून वाकडी जुळली आहे. तिला सरळ करायला लागणारे पाच-सहा महिने म्हणजे नेमका तोडणीचा हंगाम. आई मुलाजवळ राहिली तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते; ती फडावर गेली तर नट कोण फिरवणार? मुलाला फडावर नेले तर तारांची भोके उसाच्या पाचटात आणि धुळीत स्वच्छ कशी राहणार? इलिझारोव्हने मिलिमीटरचे गणित सोडवले. हे गणित सोडवायला जिल्ह्याच्या ठिकाणी शिकलेला डॉक्टर, त्याच्याजवळ राहण्यापुरती धर्मशाळा आणि घरच्या बुडणाऱ्या मजुरीचा कोणीतरी केलेला विचार, या तिन्ही गोष्टी लागतात. पहिली तयार होऊ लागली आहे. उरलेल्या दोन वैद्यकीच्या हातातल्या नाहीत, समाजाच्या हातातल्या आहेत.

मंदपणाची ही विद्या जितक्या लवकर सुरू करावी तितकी ती सोपी होते, हे मात्र आता नक्की झाले आहे. साधारण हजारात एक मूल आत वळलेले पाऊल घेऊन जन्मते. पूर्वी अशा पावलावर मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत आणि पाऊल ताठर होई. स्पेनमधून अमेरिकेत गेलेल्या इग्नासिओ पोन्सेती यांनी आयोवात सौम्य रीत बसवली आणि १९६३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : जन्मानंतर लवकरच दर आठवड्याला पाऊल हाताने थोडे वळवून प्लास्टर घालायचे, बहुधा पाच-सहा वेळा, बहुतेकांना टाचेची शीर एका छोट्या छेदाने सोडवायची, आणि मग चार वर्षांचे होईपर्यंत रात्री झोपताना पट्टीला जोडलेले बूट घालायचे. जगाने ही रीत मान्य करायला तीसएक वर्षे घेतली. आज ती आपल्या सरकारी रुग्णालयांतही होते, आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांना शोधून पाठवण्याची तरतूद आहे. इथेही प्लास्टर डॉक्टर घालतो आणि बूट आई घालते. मूल रडते म्हणून, पाहुणे आले म्हणून, सण आहे म्हणून चार रात्री बूट राहिले की पाऊल पुन्हा आत वळू लागते.

पोलिओ आपण घालवला. २०११ च्या जानेवारीनंतर भारतात त्याचा रानटी विषाणू सापडलेला नाही आणि २०१४ साली देश त्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तो गेला म्हणून वाकडे पाय संपले असे नाही. रस्त्यावरचे अपघात वाढले आहेत, मुडदूस आहे, भाजून आखडलेले अवयव आहेत, जन्मजात पावले आहेत. या अंकाचे वाचक दिवाळीत गावी जातील, चार घरी फराळाला जातील. त्यांतल्या एखाद्या घरी अंगणात एखादे मूल पायाच्या कडेवर चालताना दिसले, आणि 'जन्माचेच आहे ते, आता काय व्हायचे' असे कोणी म्हणाले, तर एवढेच सांगावे की होते. वेळ लागतो, रोज थोडे करावे लागते, आणि ते शिकवणारी माणसे आता आपल्याच भागात आहेत. पत्ता विचारून घ्यावा, आणि दिवाळी सरायच्या आत त्या मुलाला तिथे नेण्याची तारीख ठरवून टाकावी.